छत्तीस वर्षांचं बाळ

२१ मार्चच्या सकाळी माझं आणि माझ्या भावाचं भांडण झालं. कारण मोजे.

त्या दिवशी जागतिक डाऊन सिंड्रोम दिन असतो. डाऊन सिंड्रोम म्हणजे शरीरातल्या एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख. संयुक्त राष्ट्रांतर्फे २०१२पासून तो पाळला जातो. या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालायची पद्धत पडली आहे. गुणसूत्रं मोज्यांच्या आकाराची दिसतात आणि वेगळं असण्यात लाजण्यासारखं काही नाही, अशी त्यामागची कल्पना. गंगापूर रोडला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी हौसेने त्याच्यासाठी एक पिवळा आणि एक हिरवा मोजा काढून ठेवला. त्याने दोन्हीकडे पाहिलं, कपाटातून पिवळ्याचा जोडीदार शोधून आणला, दोन्ही पिवळे पायांत चढवले आणि म्हणाला, "ताई, मी काय येडा आहे का?"

माझा भाऊ छत्तीस वर्षांचा आहे, आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. त्याचे मोजे जोडीने गुंडाळून, रांगेने लावलेले असतात. आमच्या घरात विजोड मोजे घालून बाहेर पडणारी एकच व्यक्ती आहे, ती मी.

कार्यक्रम चांगला झाला. फुगे होते, नाच होता, प्रमुख पाहुण्यांनी "ही देवाची लेकरं" वगैरे म्हटलं. शेवटी सगळ्यांना मंचावर बोलावून चॉकलेटं वाटली. भावाच्या हातात चॉकलेट ठेवून पाहुण्यांनी त्याचा गाल धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "किती गोड बाळ आहे हो!" गाल त्याने सकाळीच दाढी करून गुळगुळीत केला होता. परत येताना रिक्षात तो गप्प होता. चॉकलेट त्याने रिक्षावाल्याच्या मुलीला देऊन टाकलं.

आपल्या नाशकात माणसाला मोठं व्हायला फारसं काही लागत नाही. मागे चार पोरं फिरायला लागली की वीस वर्षांचा मुलगा 'भाऊ' होतो. फ्लेक्सवर फोटो आला की 'दादा'. रिक्षावाला मामा, दुकानदार शेठ, भाजीवाली मावशी. अनोळखी माणसालाही नातं चिकटवून त्याचा मान राखायची आपली रीत आहे, आणि ती मला आवडते. या सगळ्या गोतावळ्यात माझा भाऊच काय तो बाळ. किंवा सोन्या. किंवा पिल्लू. हॉटेलात वेटर मला विचारतो, "याला काय देऊ?" तो माझ्या शेजारीच बसलेला असतो, मेनूकार्ड हातात धरून.

माझं म्हणणं एवढंच आहे की डाऊन सिंड्रोम असलेल्या लहान मुलांवर प्रेम कसं करायचं, हे या शहराला बऱ्यापैकी जमलं आहे. पण ती मुलं मोठी होतात, हे आपल्याला मान्यच नाही. सोहळे, योजना, शाळा, दवाखाने या सगळ्यांत ते न मानणं भरलेलं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या तोंडच्या 'बाळ'पासून होते.

पूर्वी हे न मानणं समजण्यासारखं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेसारख्या देशातसुद्धा डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं. आज तिथे ते साठीकडे गेलं आहे. मोठा फरक हृदयाच्या शस्त्रक्रियांनी पडला, कारण या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतःच काहीतरी दोष असतो. माझ्या भावाच्या हृदयातलं छिद्र तो तीन वर्षांचा असताना बंद केलं. आईला तेव्हा सांगण्यात आलं होतं, "फार आशा ठेवू नका." तो माणूस आता चष्मा पुसत पेपरातलं राशिभविष्य वाचायचा प्रयत्न करतो आणि 'धनलाभ' हा शब्द सापडला की खूश होतो.

नावं मात्र आपण भराभर बदलली. जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६मध्ये या मुलांचं वर्णन केलं तेव्हा चेहरेपट्टीवरून त्यांना मंगोल वंशाशी जोडलं. पुढे १९५९मध्ये फ्रान्सच्या जेरोम लेज्यून यांनी जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. मंगोलियाने आक्षेप घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५मध्ये तो जुना शब्द सोडला. आमच्या गल्लीत तो नव्वदपर्यंत चालू होता. मग मतिमंद आलं, मग गतिमंद, मग विशेष, आता दिव्यांग. पाटी दर दहा वर्षांनी नवी, आणि पाटीखालच्या माणसाशी बोलायची तऱ्हा तीच. (आईला मात्र पाटीचं कधीच पडलं नाही. तिला छळलं ते ग्रहणाने. पोटुशी असताना तिने ग्रहणात विळी हातात घेतली होती, असं आमच्या आत्याने ठरवून टाकलं होतं. आई तेव्हा तेवीस वर्षांची. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण मुळात जास्त मुलं तरुण आयांनाच होत असल्याने डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक बाळंही तरुण आयांच्याच पोटी जन्मतात. पेशी विभागताना एक गुणसूत्र सुटायचं राहून जातं. त्यात विळीचा काय संबंध!)

यावर नेहमीचा प्रश्न येतो, आणि तो विचारणारे वाईट नसतात. "पण त्याचं मानसिक वय सातच आहे ना?" प्रमाणपत्रासाठी चाचणी होते, तिच्यात असा आकडा निघतो. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की काही ठरावीक कोडी तो सात वर्षांच्या मुलाइतकी सोडवतो. सात वर्षांचं मूल छत्तीस पावसाळे बघत नाही.

बाबा गेले तेव्हाची गोष्ट. अमरधामला नेण्याआधी अंगणात कुजबुज सुरू झाली. अग्नी कोण देणार? मुलगा एकच. काका म्हणाले, "त्याला काय कळणार, उगाच काहीतरी होऊन बसेल, पुतण्याला देऊ दे." आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती आतून म्हणाली, "मुलगा आहे तो त्यांचा." विषय संपला. मडकं खांद्यावर घेऊन तो निघाला. गुरुजी एकेक सूचना माझ्या चुलत भावाला देत होते, त्याने ती याला सांगायची म्हणून. "त्याला सांगा, सावकाश चाल." "त्याला सांगा, मागे वळून बघायचं नाही." चुलत भावाने तोंड उघडायच्या आत हा ते करत होता. तिसऱ्या फेरीनंतर त्याने मडकं मागे सोडलं आणि मान वळवली नाही. आमच्यातल्या दोघातिघांनी वळवली. बाबांची रोजची दोन कामं, रात्री दाराची कडी आणि गॅसचा कॉक बघणं, तेव्हापासून त्याने आपल्याकडे घेतली आहेत. कुणी सांगितलं नव्हतं. तेराव्याला जेवायला आलेल्या पाहुण्यांनी त्याला पुन्हा "बाळा, लाडू हवा का?" विचारलं.

नाशिकला या कामाची परंपरा आहे, हे सांगितलं पाहिजे. रजनीताई लिमये यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने प्रबोधिनी उभी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत अशा मुलांसाठी मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती. एका आईने शाळा काढली आणि शेकडो घरांची मागची खोली उघडली. पण शाळा ही शाळाच. ती संपते. आणि आपल्याकडे सगळंच अठराला संपतं, हे मला भाऊ अठरा वर्षांचा होईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा नावानिशी समावेश आहे, तपासणी आहे, पुढे पाठवायची सोय आहे. वय शून्य ते अठरा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६चा, मोफत शिक्षणाची हमी देतो. वय सहा ते अठरा. एकोणिसाव्या वाढदिवसानंतर हा माणूस कुठे जातो? सोफ्यावर. टीव्हीसमोर. सगळ्या नाशकात दुपारच्या जुन्या मालिका सगळ्यात मन लावून बघणारा प्रेक्षक तोच असेल.

मग कार्यशाळा येतात. मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पिशव्या. मी त्यांच्या विरोधात नाही, माझा भाऊ तिथे सहा वर्षं जात होता. पण दिवाळीच्या स्टॉलवर पणत्या घेणाऱ्या बाईंचा चेहरा बघा. त्या पणती घेत नसतात, पुण्य घेत असतात. पणती वाकडी असली तरी चालते. मला ते चालत नाही. वाकडी पणती परत करणारं गिऱ्हाईक मिळेल, तेव्हा ते काम झालं असं मी म्हणेन.

तसं काम त्याला चार वर्षांपूर्वी मिळालं, मखमलाबादकडच्या एका नर्सरीत. रोपांच्या काळ्या पिशव्या भरायच्या. पोयटा, शेणखत आणि कोकोपीट यांचं मिश्रण घमेल्यातून घ्यायचं, पिशवी भरत आली की जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे माती बसते, आणि वर दोन बोटं जागा सोडायची, पाण्यासाठी. 'दोन बोटं' तो अक्षरशः बोटं आडवी लावून मोजतो, प्रत्येक पिशवीला. त्याची बोटं आखूड आणि जाड आहेत, त्यामुळे त्याच्या पिशवीत पाण्याला इतरांपेक्षा किंचित जास्त जागा राहते. मालक म्हणाले, "उन्हाळ्यात ते बरंच आहे."

पहिल्या दिवशी मालकांनी भल्या मनाने सांगितलं होतं, पैशाचं बघू, आधी त्याला रमू द्या. आईही म्हणाली, "पैशाचं काय घेऊन बसलीस, त्याचा वेळ जातोय ना?" मी तिथे हटून बसले. इतर बायकांना पिशवीमागे जो दर, तोच याला. तो त्यांच्या निम्म्याहून कमी पिशव्या भरतो, म्हणून त्याला त्यांच्या निम्म्याहून कमी पैसे मिळतात, आणि हे अगदी बरोबर आहे. दया म्हणून पूर्ण मजुरी नको आणि रमतो म्हणून फुकट काम नको. शनिवारी पैसे हातात पडतात. त्यातून तो दाढीची ब्लेडं आणतो आणि रविवारी आम्हा तिघांची मिसळ, वर जिलेबी. बिल तोच देतो. सुटे परत घेताना मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो.

नर्सरीतल्या बायका त्याला भाऊ म्हणतात. "भाऊ, ते घमेलं सरकवा." संवेदनशीलतेच्या कुठल्याही शिबिराला त्या गेलेल्या नाहीत. शेजारी बसून माती उपसणाऱ्याला बाळ म्हणून चालत नाही, इतकं साधं आहे ते.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. पहिला महिना आई रोज त्याच्याबरोबर बसने जायची. काहीतरी मनाविरुद्ध झालं की तो जागीच बसकण मारतो आणि हलत नाही. तेव्हा ओढायचं नसतं; पुढचं काम काय ते सांगून पाच मिनिटं थांबायचं असतं. मालकांना हे समजायला दोन महिने लागले, दुसऱ्या कुणी दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असतं. म्हणून मला वाटतं, खरी गरज त्या पहिल्या तीन महिन्यांची आहे. कामाच्या जागी सोबत उभा राहणारा, मालकाला आणि कामगाराला एकमेकांची भाषा समजावणारा माणूस, पगारी. त्या जागी सेवानिवृत्त आया फुकट राबतात, हीच आपली आजची व्यवस्था आहे.

कायद्यात कागदावर बरंच काही आहे. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा ठेवल्या. त्यातला एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, बहुविकलांगता अशा सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. खाजगी उद्योगांत पाच टक्के दिव्यांग कामावर असावेत म्हणून सरकारने उत्तेजन द्यावं, असंही त्यात लिहिलं आहे. सातपूर आणि अंबडला इतके कारखाने आहेत आणि जवळपास प्रत्येकात पॅकिंगचा विभाग आहे. नट-बोल्टच्या वीसवीसच्या पुड्या मन लावून, एकसारख्या बांधणारा माणूस त्यांना नको आहे का? उद्योजकांच्या संघटनांनी आणि महापालिकेने मिळून मी म्हणते तसे दहा सोबती नेमले, तर त्याचा खर्च एका सोहळ्याच्या मंडपापेक्षा फार जास्त येईल असं वाटत नाही.

या लेखाचा विषय निघाला की लोक मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. स्पेनचा पाब्लो पिनेडा विद्यापीठाची पदवी घेणारा, अमेरिकेचा ख्रिस निकिक २०२०मध्ये आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांबलचक शर्यत पूर्ण करणारा. दोघांनाही डाऊन सिंड्रोम आहे, आणि दोघांचंही कौतुक आहे. पण माणूस म्हणून मान मिळवायला आयर्नमॅन व्हावं लागत असेल, तर माझी पंचाईत आहे, मला गोदापार्कला तीन फेऱ्या झेपत नाहीत. आणि उलट बाजूही खरी आहे. माझ्या भावापेक्षा जास्त आधार लागणारे, बोलू न शकणारे, कामाला जाऊ न शकणारे कितीतरी जण आहेत. त्यांनाही चाळिशीत बाळ म्हणायचं कारण नाही. मान हा पिशव्यांच्या हिशेबाने द्यायचा नसतो. माझ्या भावाला तो पिशव्यांमुळे मिळाला, हे आपलं दुर्दैव.

'बाळ' म्हणण्याची सगळ्यात महागडी किंमत दवाखान्यात मोजावी लागते. गेल्या वर्षी तो मंदावला. कामावर झोपू लागला, मिसळ नको म्हणाला. दोन ठिकाणी ऐकायला मिळालं, "यांचं असंच असतं." तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं: थायरॉइड. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास इतका नेहमीचा आहे की त्याची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. तसंच कान, तसेच डोळे, तसंच झोपेत श्वास अडखळणं. गोळी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत मिसळ परत आली. पुढची भीती वेगळी आहे. अल्झायमरशी संबंध असलेलं एक प्रथिन बनवणारा जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतो. त्याच्या तीन प्रती असल्याने या माणसांना विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा कितीतरी लवकर, पन्नाशीतच गाठू शकतो. तेव्हाही कुणी "यांचं असंच असतं" म्हणणार आहे का? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांगांसाठी महिन्यातून एक दिवस बाह्यरुग्ण विभाग, एवढी मागणी या शहराने त्यांच्याकडे आणि जिल्हा रुग्णालयाकडे करायला हरकत नाही.

बँकेचं सांगते. खातं उघडायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा घ्या त्याचा." तो म्हणाला, "मला सही येते." पेपरच्या कडांवर त्याने ती महिनाभर गिरवली होती. त्याची सही व्हायला दीड मिनिट लागतं. शेवटच्या अक्षरावर रेघ मारताना तो जीभ बाहेर काढतो. मागे रांग होती. बाईंचंही अगदीच चूक नव्हतं. सही दर वेळी जुळली नाही तर पैसे अडकतील, म्हणाल्या. त्याने सही केली, आणि खाली अंगठाही द्यावा लागला. घरी येऊन त्याने अंगठा साबणाने तीनदा धुतला.

इथे कायद्याचा एक पेच आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. अठरा पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान. आईवडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. दुसरीकडे २०१६चा कायदा म्हणतो, पालकत्व मर्यादित असावं, निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत. एक कायदा त्याच्या वतीने सही करणारा माणूस मागतो, दुसरा त्याच्या शेजारी बसणारा. मला दुसरा पटतो. पण बाबांचा सिडकोतला फ्लॅट नावावर करायची वेळ आली तेव्हा मी पहिल्याकडे गेले. आई साठीला आली आहे. तिच्यानंतर मीच आहे, आणि माझ्यानंतरचं अजून कुणी ठरवलेलं नाही.

समितीपुढे आम्ही गेलो त्या दिवशी त्याने बाबांचा पट्टा लावला होता. (हा लेख लिहिताना त्याला विचारलं, यातलं काय लिहू? "मोजे लिही. नाव नको," म्हणाला. म्हणून नाव नाही.) खोलीत लांब टेबल, पंखा, फायली. मी कागद पुढे ठेवले आणि सवयीने बोलायला लागले. समोरच्या अधिकारी बाईंनी हाताने मला थांबवलं आणि म्हणाल्या, "तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

माझ्या भावाने मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत ते. मागे भिंत होती आणि एक लोखंडी कपाट. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड अजून उघडंच होतं, ते मी मिटलं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आधी स्वतःचं, मग बाबांचं, मग आडनाव, असं सावकाश सांगितलं.